वर मुंगी, खाली घड्याळं

माझ्या डोक्यावर नऊ वर्षं एक बाई वजनं उचलत होती आणि मला त्याचा पत्ता लागू नये म्हणून जिवाचं रान करत होती. मला मात्र वाटायचं, हा सगळा माझ्या दराऱ्याचा प्रताप!

मी घड्याळं दुरुस्त करतो. मनगटावरची, भिंतीवरची, चावीची. बॅटरीचं आलं तरी नाही म्हणत नाही, फक्त तोंड वाकडं करतो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका अंगाला जिना, दुसऱ्या अंगाला कागदाच्या रिमांचं गोदाम. खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरा कागद, कागदावर उघडं पडलेलं घड्याळ आणि माझ्या डोळ्यात भिंग. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात असते तेव्हा मी श्वासही बेतानं घेतो. शिंक आली तर आधी चिमटा खाली ठेवतो, मग शिंकतो. अशा माणसाच्या डोक्यावर वेटलिफ्टिंगचा क्लब यावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

वरची खोली टपालमास्तरांनी घेतली होती. मास्तर खरे पोस्टमन. दिवसभर सायकलवरून पत्रं वाटायची आणि संध्याकाळी पोरापोरींना वजनं उचलायला शिकवायचं, असा त्यांचा उद्योग. तरुणपणी स्वतः उचलायचे. अतिशय शांत माणूस. शांत माणसं मला मुळात आवडत नाहीत, भांडायला काही धरायला मिळत नाही.

क्लब सुरू झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी वरून आवाज आला, धाड! टेबल हललं, चिमटा हलला आणि बॅलन्सचं चाक जे उडालं ते दोन दिवसांनी माझ्याच चपलेत सापडलं. माझं पित्त खवळलं. जिन्याच्या तळाशी उभा राहून मी ओरडलो, "हे घड्याळाचं दुकान आहे, तोफखाना नाही! पुन्हा एक आवाज आला तर सगळं लोखंड रस्त्यावर फेकून देईन!" खोली माझी नव्हती, लोखंड तर नव्हतंच. पण राग आला की मी मालकी बघत नाही.

थोड्या वेळानं एक मुलगी खाली आली. तेवीस-चोवीसची, अंगानं एवढीशी, माझ्या काउंटरवरून जेमतेम डोकं दिसत होतं. टॉवेलला हात पुसत म्हणाली, "काका, आता आवाज येणार नाही."

"येणार नाही म्हणजे?"

"म्हणजे येणार नाही."

आणि नाही आला. एक दिवस नाही, एक महिना नाही, नऊ वर्षं! कधी पावलं वाजायची, कधी कुणी हसायचं, बस्स. मी गिऱ्हाइकांना मिशीला पीळ देत सांगायचो, "वर वजनं उचलतात, पण माझ्या धाकानं मांजरासारखी चालतात." बायको हे ऐकून मान हलवायची. तिला माझा धाक कितपत चालतो ते ठाऊक आहे.

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणायचे. स्वतःच्या दुप्पट ओझं उचलते म्हणून मुंगी. पुढे पुढे ती जाता-येता दारात थांबायची, "काका, किती वाजले?" असं दीडशे घड्याळं असलेल्या माणसाला विचारायची आणि मी चिडलो की हसत जिना चढायची. असं करत करत तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यानं कळली.

ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी लाँड्री. घरात ती आणि आई, दोघीच. कामाला लागली तेव्हा तिथं ओल्या चादरींची टोपली दोघे पुरुष फरफटत न्यायचे. ही एकटी टोपलीसमोर पूर्ण खाली बसायची, टोपलीला मिठी मारायची आणि पाठ ताठ ठेवून पायांवर उभी राहायची. टपालमास्तर पत्र द्यायला आले होते, ते दारातच थबकले. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "कुणी नाही हो. वाकलं की कंबर दुखते, म्हणून पायानं उचलते." मास्तर म्हणे उरलेली पत्रं तशीच सायकलला लटकवून अर्धा तास तिच्याशी बोलत बसले.

तिची आई सुरुवातीला म्हणायची, "दिवसभर उचलतेस ते कमी पडतं होय?" यावर मुंगीचं उत्तर ठरलेलं. "तिथं मला चादरी दमवतात, इथं मी लोखंडाला दमवते." पण नऊ वर्षांत लाँड्रीनं तिला चांगलंच दमवलं. धुण्याच्या औषधानं हातांची सालं निघायची, वाफेनं खोकला धरायचा. गेल्या वर्षी तर खोकला हटेचना. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे काम सोड. सोडून करणार काय? दुसरं येत होतं ते एकच.

नेमकी त्याच सुमाराला नगरपालिकेच्या नव्या क्रीडा संकुलात वेटलिफ्टिंगच्या शिक्षकाची जागा निघाली. अट अशी, की उमेदवारानं त्या वर्षात अधिकृत स्पर्धेत दोन्ही प्रकार मिळून ठराविक वजन उचललेलं असावं. तिच्या वजनगटाला ते होतं दीडशे किलो. मुंगीचं सर्वांत चांगलं होतं एकशे चाळीस. वर्षातली एकच स्पर्धा उरली होती, सात आठवड्यांनी. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपला खाली भिंग लावून बसलो होतो.

त्या दिवशी संध्याकाळी एका म्हाताऱ्या वकिलाचं घड्याळ उघडलं होतं. स्प्रिंग चिमट्यात. आणि वरून धप्प! फार मोठा आवाज नव्हता, पण नऊ वर्षांनी आला होता. स्प्रिंगचा झाला गुंता. मी भिंग कपाळावर सरकवलं आणि तरातरा जिना चढलो. काय काय बोलायचं ते पायरीगणिक ठरवत होतो.

क्लब मी आत जाऊन पाहिला तो तेव्हाच. लांबट खोली, भिंतीला एक आरसा, लोखंडी स्टँड, जमिनीवर फळ्या, फळ्यांवर रबरी चटया आणि चटयांवर जुनी ब्लँकेटं. ब्लँकेटं कशासाठी ते मला कळायला वेळ लागला. मधे मुंगी पाय पसरून बसली होती आणि तिच्या मांड्यांवर वजनाचा बार आडवा. तो तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. बारचं एक टोक तेवढं जमिनीला टेकलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सॉरी काका. निसटलं."

मास्तरांनी बार उचलून बाजूला ठेवला. मग मला तिच्या मांड्या दिसल्या. आखूड विजारीखाली दोन्ही मांड्यांवर आडवे वळ. काही ताजे निळे, काही पिवळे पडलेले, काही इतके जुने की कातडीच काळवंडली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही, फसलं की पायांवर घेते. जमिनीवर पडलं की आवाज होतो ना."

आता तोंड उघडलं ते टपालमास्तरांनी. नऊ वर्षांत ज्या माणसानं वर मान करून उत्तर दिलं नव्हतं तो आज माझ्यावर कडाडला. "सॉरी कसली म्हणतेस त्यांना? घड्याळवाले, ऐका तुम्ही. वजन फसतं. फसलं की ते सोडून द्यायचं, टाकून द्यायचं, हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं. मी नाही शिकवलं! आम्ही फक्त तेवढंच लावत आलो जेवढं नक्की उचलणार, आणि तरी कधी फसलं तर हिनं ते पायांवर घ्यायचं. कारण खाली तुम्ही!"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मला सांगायचं होतं!"

"कुणी सांगायचं? तुम्हाला?" मास्तर म्हणाले.

मुंगीच मधे पडली. ती म्हणाली, "असू दे हो मास्तर." आणि मग मला तिनं सगळं समजावून सांगितलं, ती जागा, ते दीडशे किलो, सात आठवडे. एका झटक्यात डोक्यावर नेतात ते स्नॅच, आणि आधी खांद्यावर घेऊन, श्वास घेऊन मग वर झोकतात ते क्लीन अँड जर्क. आज तिनं पहिल्यांदा धाडस करून क्लीन अँड जर्कला ऐंशी लावले होते, आणि ते फसले.

"पण पाय बघा हिचे," मास्तर जरा शांत होऊन म्हणाले. "बार खांद्यावर घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठायचं, त्याला स्क्वॉट म्हणतात. त्याला आवाज नाही. स्टँडवरून घ्यायचा, स्टँडवर ठेवायचा. म्हणून आम्ही नऊ वर्षं बैठकाच काढल्या. ही आज एकशे बारा किलो घेऊन उठते! एवढे पाय असलेली बाई नव्वद डोक्यावर नेते. आणि ही शहात्तरवर अडून बसलीय. पायांमुळे नाही. पडेल म्हणून."

मी खाली आलो. वकिलाचं घड्याळ तसंच झाकून ठेवलं. जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "नऊ वर्षं तुमच्या धाकाचं कौतुक ऐकतेय. आता भोगा." मग माझ्या ताटात वाढत, जरा मऊ आवाजात म्हणाली, "अहो, दुपारी दुकान बंद ठेवलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मला वाईट वाटत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! दुसऱ्या दिवशी वर जाऊन मी जणू उपकार करतोय अशा थाटात जाहीर केलं, "दुपारी एक ते अडीच माझी उघडी घड्याळं कापसावर, ड्रॉवरमध्ये. त्या वेळात काय आपटायचं ते आपटा. गोदामवाल्याशी बोललोय मी. त्याच्या कागदांना काही होत नाही." मुंगीनं लाँड्रीत सकाळची पाळी मागून घेतली, मास्तरांनी दुपारची टपालाची फेरी पुढे ढकलली.

पहिल्या दिवशी एक वाजता मी ड्रॉवर बंद केले, हात मांडीवर ठेवले आणि छताकडे बघत बसलो. काही नाही. दीड वाजला, अडीच वाजले. काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझंच डोकं फिरलं. मी इथं धंदा बंद करून बसलोय आणि वर काय झोपा काढतात काय? गेलो वर.

मुंगीनं ऐंशी लावले होते. बार खेचला, तो खांद्यापर्यंत येता येता रखडला आणि मी डोळ्यांनी पाहिलं, तिनं त्याला पुन्हा मिठी मारली. छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर, लेकराला निजवावं तसा अलगद खाली ठेवला. मांडीवर नवा वळ.

"अगं सोड की!" मी ओरडलो.

"सुटत नाही हो काका." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी ठरवते, या वेळी सोडायचंच. पण हातच उघडत नाहीत."

मास्तर म्हणाले, हलक्या वजनानं सवय करू. तिनं काठीएवढा हलका बार डोक्यावर नेला. तोही अलगद खाली ठेवला. एकदा, दोनदा, दहादा. मला राहवेना. चाळिशीत कंबर धरलेला, आता एकसष्टचा मी. मी चपला काढल्या, बाह्या सारल्या आणि म्हटलं, "सरक. मला दाखवू दे."

"काका, कंबर जाईल!"

"जाऊ दे!"

मास्तरांनी बारला दोन्हीकडे लहान चकत्या लावल्या. मी तिच्यासारखाच खाली बसलो, म्हणजे बसायला गेलो. गुडघे असे कडकडले की मास्तर दचकले. बार कसाबसा कमरेपर्यंत आणला. आणि दोन्ही हात उघडले.

धाड!

काय सांगू, इतकं बरं वाटलं! आयुष्यभर मी एकही वस्तू हातातून पडू दिलेली नाही. मी लगेच पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. धाड! खाली माझ्याच दुकानात कुठलंसं भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून निसटून पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "पडू दे मेलं, बॅटरीचं असेल!"

मुंगी हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून आली, हलका बार डोक्यावर नेला, आणि मी "सोड!" म्हटल्याबरोबर एक पाऊल मागे होऊन तिनं तो सोडला. आवाज झाला, चटईवर बार दोनदा उडाला आणि थांबला. ती बारकडे बघत राहिली. "एवढंच?" म्हणाली.

"एवढंच," मास्तर म्हणाले.

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या दुकानाच्या छतातून चुना गळत होता. मी चहाच्या कपावर बशी झाकून प्यायचो. आधी आवाज आला की माझं डोकं उठायचं, आता एक वाजून गेला आणि आवाज आला नाही की जीव खालीवर व्हायचा. कधी लागोपाठ चार धाड, म्हणजे चार वेळा फसलं. कधी एक धाड आणि वर टाळ्या. ऐंशी गेले, मग ब्याऐंशी. चौऱ्याऐंशीला घोडं अडलं ते अडलंच. ती खाली येऊन सांगायची, "काका, आज सहा वेळा पाडलं." चेहरा असा, जणू बक्षीस मिळालंय. मांड्यांवरचे वळ पिवळे होऊन जायला लागले.

स्पर्धेला मी गेलो. दुकानावर पाटी लावली आणि बायकोला घेऊन गेलो. मुंगीची आईही आमच्याबरोबर होती. तिनं आजवर लेकीला कधी उचलताना पाहिलं नव्हतं. ती पूर्ण वेळ पदराचं टोक चावत बसली.

स्नॅचला बासष्ट झाले, पासष्ट झाले, सदुसष्ट मागे पडले. म्हणजे पासष्ट धरायचे. माझी बायको हिशेबाला पक्की, ती लगेच म्हणाली, "आता पंच्याऐंशी हवेत." मास्तर लांबून आमच्याकडे बघून मान हलवत होते. पंच्याऐंशी तिनं आजवर कधीच उचलले नव्हते.

क्लीन अँड जर्कला तीन संधी. पहिल्या वेळी अठ्ठ्याहत्तर, सहज गेले. दुसऱ्या वेळी थेट पंच्याऐंशी. खांद्यावर आले, ती खोल खाली बसली, तिथून उठली. वर झोकले आणि कोपर वळलं. बार पुढे कलला. क्षणभर वाटलं, आता ही त्याला मिठी मारणार, मांडीवर घेणार, आणि तिसऱ्यासाठी पाय उरणार नाहीत.

तिनं दोन्ही हात उघडले आणि मागे सरली. सगळं सभागृह दणाणलं. आई किंचाळली. मी उभा राहून ओरडलो, "शाबास!" पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं, की वजन पडल्यावर शाबास म्हणणारा हा कोण वेडा. बायकोनं शर्ट धरून मला खाली बसवलं.

मुंगीनं हातांना पांढरी पूड चोळली. पाय ताजे होते, चेहरा मोकळा होता. तिसऱ्यांदा आली. बार मांड्यांवरून वर आला, ती त्याच्याखाली शिरली, टाचांपर्यंत खाली बसली आणि तिथं थांबली. इतका वेळ थांबली की माझा श्वास अडकला. मग ते पाय उठायला लागले. हळू, कुठंही न रखडता, नऊ वर्षं उठत होते तसे. उभी राहिली. श्वास घेतला. झोकलं. कोपरं सरळ. एक पाय पुढे, एक मागे, मग दोन्ही एका रेषेत. पंचांचा हात खाली आला. तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांना मान्य.

माझा जीव भांड्यात पडला. भांड्यात काय, पातेल्यात पडला! मी रडत होतो. बायको म्हणाली, "अहो, रुमाल तोंडाला लावा, नाक वाहतंय." मुंगीच्या आईनं माझा हात धरला होता आणि विचारत होती, "झालं ना? झालं ना हो?" मी म्हटलं, "झालं. दीडशे झाले. लाँड्री सुटली तुमच्या लेकीची." त्या माउलीनं डोळे मिटून घेतले आणि सुस्कारा सोडला.

जागा तिला मिळाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली, नव्या संकुलाचं ओळखपत्र दाखवायला. खोकला निम्म्यानं कमी झाला होता. मी ओळखपत्र भिंग लावून पाहिलं, परत दिलं, आणि जे ते वळ पाहिल्यापासून जिभेवर घोळत होतं ते बोलून टाकलं. "मुंगे, तुझी नऊ वर्षं मी खाल्ली."

मला वाटलं, ती म्हणेल, छे हो काका, असं काय बोलता. माणसं तसंच म्हणतात. तिनं काउंटरच्या कडेला हनुवटी टेकली.

"खाल्लीत," ती म्हणाली. "पण पायही तुमच्यामुळेच झाले. आवाज करायची सोय असती तर एवढ्या बैठका मी कधीच काढल्या नसत्या. शेवटच्या वेळी मी खाली बसले ना, तेव्हा हेच मनात आलं. दोन्ही खरं आहे, काका."

मला एकदम हलकं वाटलं. माफ केलं असतं तर मी घरी जाऊन पुन्हा तेच उगाळत बसलो असतो. तिनं वजन केलं, दोन्ही पारडी मला दाखवली आणि विषय संपवला. मी तिला स्टूल पुढे केलं, समोरच्या पोऱ्याला दोन चहा सांगितले आणि संकुलात तिच्या हाताखाली किती जणं येणार ते विचारलं.

"चाळीस," ती बसत म्हणाली. "पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच शिकवणार आहे, टाकायचं कसं."